बुडालेल्या गावांचं म्युझियम आणि कोयनाकाठचे आप्पा : एका सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे. माणसांची नावं घातलेली नाहीत आणि आप्पांच्या गावाचं नावही मुद्दाम गाळलंय. सविस्तर लिहितेय कारण परदेशात राहणारे आपण सगळे उन्हाळ्यात आईबाबा आले की त्यांना कुठे ना कुठे फिरवतो, आणि "जुनं गाव बघायला जाऊया" हा त्यातला अगदी सरळ, बिनधोक वाटणारा बेत असतो. आमचा तो तसा राहिला नाही.

आम्ही ऑटवाला राहतो. मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. जुलैमध्ये माझे आईआप्पा आले होते. आप्पा सत्तरीचे, रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, तब्येत ठणठणीत. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे सलग अर्धा तास चालणं म्हणजे तिच्यासाठी मोठी गोष्ट.

आप्पांचं मूळ गाव कोयना धरणात गेलं. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, पण "माहीत होतं" एवढंच. धरणात गाव गेलं, मग सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली, मग आप्पा डीएड झाले, नोकरी लागली, संपलं. दोन वाक्यांची गोष्ट. आप्पा त्यावर कधी बोलत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हटलेलं असायचं, ते मी पाठ करून त्यांनाच म्हणून दाखवलंय.

जागा कशी आहे

अपर कॅनडा व्हिलेज हे ऑन्टारियोमधलं खुलं म्युझियम. ऑटवाहून गाडीने साधारण तासभर, मॉरिसबर्गच्या थोडं पूर्वेला, सेंट लॉरेन्स नदीच्या अगदी काठावर. १८६० च्या दशकातलं गाव जसंच्या तसं उभं केलंय. चाळीसेक जुन्या इमारती, मधून कॅनॉल, त्यावर घोड्याने ओढायची सपाट बोट, कुरणं, भाज्यांचे वाफे, गाई, मेंढ्या. बेकरीत खरंच ब्रेड भाजतात, लोहार खरंच भाता मारत असतो, आणि लोकरीच्या कारखान्यात पाण्यावर फिरणाऱ्या पट्ट्यांनी यंत्रं चालतात, एवढा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. लाकडाची सॉ मिल तर बघत राहावी अशी, करवत गोल नाही, उभी, वरखाली होणारी, आणि एक मोठा ओंडका हळूहळू तिच्याकडे सरकत जातो. सगळे कर्मचारी त्या काळच्या कपड्यात. झाडं भरपूर, नदीचा वारा. नुसतं बसायला गेलं तरी दिवस छान जाईल अशी जागा आहे, हे मी आजही म्हणेन.

पण हे गाव इथे का आहे, ते महत्त्वाचं. १९५० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेने मिळून सेंट लॉरेन्सवर वीजनिर्मितीचं धरण आणि मोठ्या जहाजांसाठी जलमार्ग बांधला. १ जुलै १९५८ ला सकाळी ८ वाजता पाणी अडवून धरलेला तात्पुरता बांध स्फोटाने उडवला आणि नदीकाठची गावं पुढच्या काही दिवसांत पाण्याखाली गेली. मुलिनेट, मिल रोश, वेल्स, डिकिन्सन्स लँडिंग, फॅरन्स पॉइंट, ऑल्ट्सव्हिल ही त्यातली. साधारण ६,५०० माणसं हलवली. पाचशेहून जास्त घरं आख्खी उचलून प्रचंड मोठ्या गाडीवरून इंगलसाइड आणि लाँग सू या नव्या वसाहतींमध्ये नेली, कपाटातल्या कपबश्याही बाहेर काढायची गरज पडायची नाही असं सांगतात. काही जुन्या इमारती म्युझियमसाठी निवडल्या, काही दुसऱ्या गावांमधून आणल्या, आणि १९६१ मध्ये हे व्हिलेज लोकांसाठी उघडलं.

हे सगळं मी जायच्या आधी वेबसाइटवर वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, हे इथे ठळक करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पहिला निर्णय, जो निर्णय आहे हेच कळलं नाही

आदल्या रात्री नवऱ्याने विचारलं, "आप्पांना चालेल ना?" त्याचा प्रश्न चालण्याबद्दल होता की विषयाबद्दल, हे मी विचारलंच नाही. म्हणलं, "त्यांना जुनं आवडतं, चालेल की." आणि मी दशम्यांची कणीक मळायला घेतली. आप्पांना फक्त एवढं सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वीचं गाव आहे, लोहार वगैरे बघायला मिळेल.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथेच झाला. सांगायचं की नाही सांगायचं. आम्ही नाही सांगितलं, आणि तेही ठरवून नाही, डोक्यातच आलं नाही म्हणून. कॅनडातलं बुडालेलं गाव एका कप्प्यात होतं आणि आप्पांचं दुसऱ्या.

अडचण कुठे आली

सकाळ अगदी मजेत गेली. आईसाठी व्हीलचेअर घेतली, रस्ते कच्चे आणि खडीचे असल्यामुळे ढकलायला जड जात होती पण मुलगी आणि नवरा आलटून पालटून ढकलत होते. आई लोकरीच्या कारखान्यात रमली, ती म्हणाली ही ब्लँकेटं म्हणजे धनगराच्या घोंगडीचीच जात. आप्पा तर खुशीत बलुतेदार मोजत होते. हा लोहार, हा सुतार, हा पत्र्याची भांडी करणारा. मुलाला समजावून सांगत होते की आमच्या गावात या सगळ्यांना पैसे नाही, सुगीला धान्य मिळायचं. "कुंभार कुठाय यांचा?" असं दोनदा विचारलं त्यांनी.

मग आम्ही चर्चपाशी आलो. साधं, पांढरं, लाकडी. क्राइस्ट चर्च, मूळ १८३७ चं, मुलिनेट गावातलं. दारात जुन्या वेशातली एक बाई उभी होती, ती प्रेमाने माहिती सांगायला लागली की हे चर्च मूळ इथलं नाही, ते गाव आता नदीखाली आहे. मुलीने सवयीने मराठीत करून सांगितलं, "आजोबा, हे ज्या गावातलं आहे ना ते धरणात बुडालं."

आप्पा आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आम्हाला वाटलं थकले. मी पाणी द्यायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणी आणलं हे देऊळ?"

"सरकारने, आप्पा."

"आख्खं?"

"हो, उचलून."

"आणि माणसं?"

"त्यांना नवीन गावं बांधून दिली."

"कुठं?"

"इथेच. पंधरावीस मिनिटांवर."

"इथंच?" म्हणाले. "म्हणजे नदी दिसत राहिली त्यांना."

आणि ते गप्प झाले. हात थरथरत होता. माझ्या आयुष्यात आप्पांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर मुलगा मिनिएचर ट्रेनची वेळ होतेय म्हणून ओरडत होता, आई उन्हात व्हीलचेअरवर, आणि दुपारचे साडेबारा.

समोर काय पर्याय होते

दारात उभ्या उभ्या मी आणि नवरा कुजबुजत बोललो. तीन गोष्टी सुचल्या.

एक, सरळ घरी जायचं. आईचं तेच मत होतं, "कशाला बसवलंत त्यांना इथे, उठवा, घरी चला." तिचं म्हणणं चूक नव्हतं, सत्तरीतला माणूस, बीपीची गोळी चालू. पण मला वाटलं तसंच उठवून गाडीत घातलं तर हा विषय पुन्हा साठ वर्षं बंद होईल, आणि साठ वर्षं आता नाहीयेत.

दोन, काही झालंच नाही असं दाखवून पुढे जायचं. "चला आप्पा, बोटीत बसू." आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय, रडणाऱ्याला चहा द्यायचा आणि विषय बदलायचा. मला आधी हेच करावंसं वाटलं होतं.

तीन, वेगळं व्हायचं. मुलांना आणि आईला घेऊन नवरा पुढे जाईल, मी आप्पांपाशी बसेन, आणि ते काय म्हणतील तसं. यात धोका हा की ते मोकळे झाले आणि मला सांभाळता आलं नाही तर काय. मी काही काउन्सेलर नाही.

खरं तर चौथा पर्याय होता आणि तो आम्हाला सुचलाच नाही, की आप्पांनाच विचारावं. आम्ही तिघं त्यांच्यापासून वीस फुटांवर उभं राहून त्यांच्याबद्दल ठरवत होतो, आणि धरणाच्या वेळीही त्यांच्या घरात नेमकं हेच झालं होतं, कुणीतरी बाहेर उभं राहून ठरवलं होतं.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि मनाशी एकच ठरवलं, विषय बदलायचा नाही. काही वेळाने ते आपणहून बोलायला लागले.

ते सात-आठ वर्षांचे होते. साठच्या दशकाची सुरुवात. घरं सोडताना लोकांनी आपल्याच हाताने उतरवली, वासे, कड्या, दारं, कौलं बैलगाड्यांवर घातली, कारण नव्या जागी लाकूड कुठून आणणार. देव उचलून नेला, देऊळ राहिलं. आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, चूल फोडायला नकार दिला, म्हणाली पाण्याने काय ती फोडावी. आणि सांगलीकडे जी जमीन मिळाली तिथे मैलोन्मैल कोरडं. पावसाळ्यात जिथे दहा हात पाऊस पडायचा तिथून आलेली माणसं विहिरीला पाणी लागायची वाट बघत बसली. "आमचंच पाणी," आप्पा म्हणाले, "आणि आम्हालाच पाणी नाही."

ती दारातली बाई मध्येच येऊन हळूच विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती खाली बसली आणि तिने आप्पांना, माझ्या भाषांतरातून, इथल्या लोकांचं सांगितलं. की सगळंच काही उचलून आणलं नाही. काही कबरी हलवल्या, बाकीच्यांवर दगडांचा थर घालून त्या तशाच पाण्याखाली ठेवल्या. ऑल्ट्सव्हिलमध्ये १९५८ च्या जानेवारीत रिकाम्या घरांना शास्त्रज्ञांनी मुद्दाम आगी लावून आग कशी पसरते याचे प्रयोग केले, त्यातून पुढे इमारतींचे नियम बनले. आप्पांनी ते ऐकून बराच वेळ मान खाली घातली आणि मग विचारलं, "घरवाले बघत होते का?" तिला ते सांगता आलं नाही.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. याच नदीवर मोहॉक या इथल्या मूळनिवासी लोकांची अक्वेसास्नी ही वस्ती आहे आणि त्या धरणा-जलमार्गाची झळ त्यांच्या जमिनींना आणि मासेमारीलाही बसली. त्याहून मागे गेलं तर १७८४ नंतर इथे वसवलेल्या ज्या लोकांना आपण पायोनियर म्हणतो, ते काही रिकाम्या जमिनीवर आले नव्हते. हे मी त्या दिवशी आप्पांना सांगितलं नाही, मलाच नीट माहीत नव्हतं. नंतर मुलीने वाचून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांचं देऊळ कुठं ठेवलंय?"

दुपारचा निर्णय

दीडच्या सुमाराला झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आप्पा नीट जेवले. आणि तेव्हा मी ती गोष्ट बोलून गेले जी बोलावी की नाही हे मला अजूनही पक्कं ठरवता येत नाही. पूर्वेला लाँग सू पार्कवे म्हणून रस्ता आहे, पाणी चढल्यावर उंच भाग जे वर राहिले त्यांची बेटं झाली, ती बेटं जोडत जाणारा. तिथे जुना हायवे नंबर २ चा तुकडा पाण्यात उतरताना दिसतो. मी म्हणलं, "आप्पा, बघायचंय का? नाही म्हणलात तरी चालेल."

निदान या वेळी विचारलं. आई माझ्यावर डोळे वटारून बघत होती.

आप्पांनी हात धुतले, रुमालाने पुसले, आणि म्हणाले, "चला."

तिथे बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. डांबराचा जुना रस्ता, भेगांमधून गवत, थोडा उतार आणि मग सरळ पाण्यात. आप्पा चपला काढून त्या रस्त्यावरून चालत पाण्यापर्यंत गेले, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. मुलगा त्यांच्यामागे गेला. त्याला ते हाताने दाखवत होते, पण कॅनडातलं काही नाही, इथे ओढा होता, इथे शाळा, इथे पाटलाचा वाडा, इथून बामणोलीच्या बाजूला वाट जायची. मुलगा मान डोलवत होता जणू काही त्याला सगळं दिसतंय. मुलीने मागून फोनवर रेकॉर्ड केलं, अकरा मिनिटं.

काय निष्पन्न झालं

सगळं गोड झालं असं नाही. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. त्या रात्री आप्पा झोपले नाहीत, तीन वाजता किचनचा दिवा लागलेला होता. आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही, तिचं म्हणणं होतं की झाकलेलं उघडून तुम्ही तर आपापल्या कामाला जाल, रात्रभर जागायची मी. आणि ते खरंच होतं, सोमवारी मी ऑफिसला गेले. मुलाची ट्रेन राहिली ती राहिलीच, त्याने तक्रार केली नाही पण माझ्या लक्षात आहे.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी भिंतीवरच्या कालनिर्णयचं उलटून गेलेलं पान मागितलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने गावाचा नकाशा काढायला बसले. आधी नदी, मग ओढा, मग देऊळ, आणि एकेक घर. घरांवर नावं. सत्तावीस घरं आठवली. दोन ठिकाणी नुसता चौकोन काढून प्रश्नचिन्ह ठेवलं.

आता करायचं झालं तर

पहिलं म्हणजे आधी सांगितलं असतं. "आप्पा, हे गाव धरणामुळे इथे आणलंय, यायचंय का" एवढं एक वाक्य. ते नाही म्हणाले असते तर नाही, आणि हो म्हणाले असते तर मनाची तयारी करून आले असते, नातीच्या भाषांतरातून अचानक कळलं नसतं. आपल्याकडची कितीतरी माणसं कोयना, उजनी, आणि कुठकुठल्या धरणांतून उठून आलेली आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण त्याचे फोटो फॉरवर्ड करतो, पण तिथलं कुणी आपल्या घरात आहे का हे विचारत नाही.

दुसरं, दोन दिवस केले असते. मुलांचा एक, ज्यात ट्रेन, बोट, ब्रेड सगळं, आणि आप्पांचा वेगळा. एकाच दिवसात नऊ वर्षांचं पोर आणि साठ वर्षांचं दुःख दोन्ही सांभाळायला गेलं की दोघांवरही अन्याय होतो.

तिसरं, आईला निर्णयात घेतलं असतं. पन्नास वर्षं ती त्यांच्यासोबत आहे, रात्री ते दचकून उठतात हे तिला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. चर्चच्या दारात मी आणि नवरा बोलत होतो तेव्हा ती तीन फुटांवर होती, पण आम्ही तिचं मत अडथळा म्हणून ऐकलं, माहिती म्हणून नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

साधी प्रॅक्टिकल गोष्टही सांगते, खडीच्या रस्त्यावर लहान चाकांची व्हीलचेअर रुतते, मोठ्या चाकांची मिळते का बघा, आणि ऊन असेल तर दुपारी १२ ते २ मोकळी ठेवा, लोकरीचा कारखाना आणि चर्च आतून गार असतात.

दुपारी पार्कवेला नेलं ते बरोबर केलं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. मी म्हणते बरोबर, आई म्हणते नाही. आप्पांना विचारलं तर ते म्हणतात, "पाणी गार होतं."

आता कुठवर आलंय

नकाशाचा फोटो मी आप्पांच्या चुलत बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, व्हॉट्सअॅपवर पाठवला. ती त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. अर्ध्या तासात तिचा व्हॉइस मेसेज आला की पिंपळ ओढ्याच्या पलीकडे नव्हता, अलीकडे होता, आणि प्रश्नचिन्हाच्या दोन घरांपैकी एक कासाराचं. आप्पा पिंपळाचं मान्य करायला तयार नाहीत. आता दोन नकाशे आहेत, मुलीने दोन्ही स्कॅन करून ठेवलेत, आणि विखुरलेल्या घरांमधून आणखी तीन जण त्यात नावं भरतायत. सत्तावीसची चौतीस घरं झालीत.

आत्या म्हणते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या, तेव्हा शिवसागरचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी सगळ्यात खाली असतं, लाँचवाला ओळखीचा आहे. आम्ही तिकिटांचे भाव बघतोय. आईने आप्पांना सांगून टाकलंय की या वेळी मी पण लाँचमध्ये बसणार.